पाठीचं माप

१

तो आवाज साहेबांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांना वाटलं, घरात उंदीर शिरलाय.

फार जुनी गोष्ट. लग्न नुकतंच झालेलं. एकच खोली, मधे पडदा, पडद्यापलीकडे नवी बायको. तिकडून बारीक, सुकी टिकटिक येत होती. सारखी चालायची, मग एकदम गप्प व्हायची. श्वास घ्यावा तेवढीच गप्प. मग पुन्हा सुरू. साहेबांनी पायातली चप्पल हातात घेतली, पडदा सारला आणि आत गेले. बायको खिडकीपाशी बसून दोन सुयांवर विणत होती. ओळ संपली की ती विणकाम फिरवून धरायची, तेवढा वेळ आवाज थांबायचा.

"हे काय चाललंय?"

"तुमच्यासाठी स्वेटर."

"मला वाटलं उंदीर आहे."

ती हसली. नवऱ्यानं थट्टा केली असं तिला वाटलं. ती थट्टा नव्हती, हे कळायला तिला बरीच वर्षं लागली.

मग ती उठली आणि म्हणाली, "जरा सरळ उभे राहा." विणलेली पाठ तिनं त्यांच्या पाठीला लावली, दोन्ही खांद्यांवर चिमटीत धरली आणि मानेपासून कमरेपर्यंत तळहात फिरवून कापड सारखं केलं. लांबी पुरते की नाही ते असंच बघायचं असतं. टेपनं मोजून स्वेटर बसत नाही, माणसाच्या पाठीला लावावा लागतो. तो तळहात साहेबांना बरा वाटला होता. पण बरं वाटलं म्हणून सांगायची त्यांची रीत नव्हती.

तो पहिला स्वेटर लोकरीचा होता. साहेबांच्या मानेवर पुरळ उठलं. बायकोनं तो उसवला आणि दुकानातून सुती मिश्र धागा आणला, निम्मं सूत आणि निम्मा कृत्रिम. अंगाला मऊ, खाज नाही.

साहेबांनी धागा बोटांत चोळला आणि नाक मुरडलं. तोवर ते कापडाच्या गिरणीत तपासणी खात्याला लागले होते. माल टेबलावर यायचा, साहेब त्यावरून नजर फिरवायचे आणि दोष दिसला की खडूनं फुली मारायचे. दोन तिरक्या रेघा, बस्स. खिशात सदानकदा खडू, म्हणून कामगार त्यांना खडूसाहेब म्हणायचे. पाठीमागे अर्थातच. मागाजवळच्या बाया टेबलाच्या कडेला उभ्या राहून त्यांच्या हाताकडे बघत असायच्या. फुली पडली की काही न बोलता माल उचलायच्या आणि चिंध्यांच्या ढिगात टाकून यायच्या.

"हा धागा धड सूत नाही, धड लोकर नाही," साहेब बायकोला म्हणाले. "लोकर ओढली तर मागे येते. हे बेणं जिथं ओढाल तिथंच लोंबत राहणार. याला स्वतःचा आकारच नाही. फुलीचा माल."

"फुली मारली की काय करतात?" तिनं विचारलं.

"काय करायचं? उचलायचा आणि टाकायचा. फुलीच्या मालाशी कुणी बोलत बसत नाही."

तिनं मान हलवली. तिनं ते लक्षात ठेवलं असेल असं साहेबांना वाटायचं कारण नव्हतं. आपलं बोलणं बायको लक्षात ठेवते की नाही, हा प्रश्नच त्यांना कधी पडला नव्हता.

२

ती दर थंडीला एक स्वेटर विणायची. पाठ तयार झाली की जवळ यायची. "जरा उभे राहता का?" "मी काय खुंटी आहे?" असं तीन-चार हिवाळे चाललं, मग ती विचारेनाशी झाली. स्वेटर पुरा झाला की मात्र घडी करून त्यांच्यापुढे ठेवायची. साहेब तो उलगडायचे, टेबलावर गिरणीतल्यासारखा पसरायचे, बाहीच्या काठावर एखादा सुटलेला टाका शोधायचे, त्याभोवती खडूनं गोल काढायचे आणि पाठीवर भलीमोठी फुली मारायचे. पाहुण्यांसमोर तर हमखास. पाहुणे हसायचे. बायको बाल्कनीत जाऊन स्वेटर झटकायची. खडूची पूड उडून जायची. मग तो कपाटाच्या खालच्या कप्प्यात जायचा, आधीच्यांवर.

साहेबांनी त्यातला एकही कधी अंगात घातला नाही. तिनं तक्रार केली नाही. तक्रार करण्याइतकी अक्कलही देवानं तिला दिली नाही, असं साहेबांचं मत होतं.

गिरणीतून निवृत्त झाल्यावर साहेबांपुढे टेबल उरलं नाही. मग ते घरच तपासू लागले. चहा पाणचट. चादरीची घडी वाकडी. मुलीनं निवडलेला जावई, तोही वाकडाच. बायको ऐकून घ्यायची आणि विणत राहायची.

असंच एकदा पंख्याची पाती पुसायला फडकं सापडेना. साहेबांनी खालचा कप्पा उघडला आणि वरचा स्वेटर ओढून काढला. राखाडी निळा, जुना. फडक्याच्याच लायकीचा.

तो हातात घेऊन ते खुर्चीवर चढणार, एवढ्यात थांबले.

बाह्यांना कोपरं आली होती.

न घातलेल्या कपड्याची बाही सरळ पडते. रोज अंगात घालून, हात मुडपून, टेबलावर कोपर टेकून वापरलेल्या कपड्याची बाही कोपराशी फुगते. सुती मिश्र धाग्याचा तो फुगवटा तर धुतल्याशिवाय जात नाही. साहेबांनी उभा जन्म कापड बघण्यात घालवला होता. हा फुगवटा एका दिवसाचा नव्हता. त्यांनी दुसरा काढला, तिसरा काढला. सगळ्यांना कोपरं. सगळ्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित उतरलेला, जणू कुणी नेहमी उजव्या हातात पिशवी धरून चालतं.

साहेबांनी आयुष्यात कुणाची पिशवी धरली नव्हती.

"हे कोण घालतं?" त्यांनी विचारलं.

बायकोनं सुई थांबवली नाही. "कोण घालणार? सुती मिश्र आहे, लोंबतं. तुम्हीच म्हणता."

"लोंबतं ते खाली लोंबतं. आत हात नसेल तर कोपर येईल कुठून?"

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "तपासणीवाले तुम्ही."

हे ती साध्या सुरात बोलली. तरी साहेबांना वाटलं, आपल्याला कुणीतरी चिमटा काढला.

३

साहेब भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांना येडे म्हणायचे. त्यांनी माणसासारखा विचार केला. बायकोनं कुणाला तरी स्वेटर वापरायला दिले असणार. कुणाला? पन्नाशी कधीच उलटलेल्या, चष्मा दोऱ्यानं बांधणाऱ्या या बाईकडे बघणार कोण? ते एकटेच हसले. मग त्यांनी सगळे स्वेटर धुवायला लावले, जमिनीवर आडवे वाळवले, बाह्या स्वतः सरळ केल्या, कपाटात ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या जानव्यासारखी जपली. आंघोळीलाही बरोबर.

काही दिवस गेले. एका दुपारी बायको भाजी आणायला बाहेर गेली आणि साहेबांनी कपाट उघडलं. राखाडी निळा स्वेटर वरच होता. बाह्यांना कोपरं होती.

आपण बाह्या नीट सरळ केल्या नसतील, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दमट हवा. घडीचा दाब. त्यांनी स्वेटर नाकाशी नेला. कपाटाचा, डांबरगोळ्यांचा वास नव्हता. कुणाच्याही अंगाचा वास नव्हता. मग त्यांनी आत हात घातला, बाहीत, पार कोपरापर्यंत.

आतून तो ऊबदार होता.

साहेबांनी हात इतक्या झटक्यानं काढला की बाही उलटी झाली. अंगातून आत्ता काढून ठेवलेल्या कपड्याची ऊब वेगळी असते, ती उन्हाची नसते. हे कळायला तपासणी खात्यात असावं लागत नाही. त्यांनी कपाट लावलं, कुलूप घातलं, ओढून बघितलं. मग आपण कुलूप ओढून बघतोय याचीच त्यांना शरम वाटली. "म्हातारचळ," ते मोठ्यानं म्हणाले. आपला आवाज ऐकून त्यांना जरा बरं वाटलं.

४

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, साहेब आतल्या खोलीत पडले होते. संध्याकाळ व्हायची होती. बाहेरच्या खोलीतून टिकटिक येत होती, ती थांबली. ओळीच्या शेवटी थांबते तेवढीच थांबेल असं वाटलं. पण नंतर सुरूच होईना.

मग बायकोचा आवाज आला. हळू, लाडिक म्हणावा असा. हा आवाज साहेबांनी कधी ऐकला होता ते आठवायला त्यांना पडद्यामागच्या त्या खोलीपर्यंत मागे जावं लागलं.

"जरा सरळ उभे राहा. हं. हलू नका हो, टाके निसटतील."

साहेब उठले. अनवाणी दारापर्यंत आले.

बायको पाठमोरी उभी होती. विणलेली पाठ तिनं दोन्ही हातांनी उंच धरली होती, तिच्या डोक्याच्याही वर. साहेबांच्या खांद्यापेक्षा चांगली वीतभर वर. सुती मिश्र धागा जड असतो. असा दोन टोकांना धरला की मधे झोळीसारखा पडतो. तो पडला नव्हता. सपाट, ताठ राहिला होता. मग तिनं एक हात सोडला आणि तळहातानं वरून खाली कापड सारखं करत आणलं. सोडलेलं टोक जिथं होतं तिथंच राहिलं.

पापणी लवेपर्यंत. मग तिनं ते खाली घेतलं.

"कुणाशी बोलतेस?"

"अगंबाई! झोपला नव्हतात?" ती वळली. गाल जरा लाल झाले होते. "कुणाशी बोलणार, टाक्यांशी."

"टाके सरळ उभे राहतात?"

"प्रेमानं सांगितलं की राहतात." ती पुन्हा खुर्चीत बसली. "माणसांचंच कठीण असतं."

साहेब खोलीच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. पंखा चालू होता. पंख्याच्या वाऱ्यानं टोक उचललं गेलं असेल. वारा वरून खाली येतो, हेही त्यांना लगेच आठवलं.

५

धाग्याच्या दुकानात साहेब कधी गेले नव्हते. ते गेले. भिंतभर लड्या, काउंटरवर सुयांचे जुडगे आणि मधे गोलमटोल दुकानदार. साहेबांनी खिशातून धाग्याचा तुकडा काढला. "हा इथूनच नेतात ना? चष्म्याला दोरा बांधलेल्या बाई?"

"ताई ना? आमचं जुनं गिऱ्हाईक." दुकानदार खुलला. "परवाच नेल्या चार लड्या. रंग मिस्टरांनी निवडला."

"कुणी?"

"त्यांच्या मिस्टरांनी. नेहमी येतात बरोबर. बोलणं कमी, पण माणूस लाख. पिशवी ताईंना कधी धरू देत नाहीत." त्यानं साहेबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, दुकानात फुकट वेळ खाणाऱ्याकडे पाहावं तसं. "आपण कोण? भाऊ का त्यांचे?"

साहेबांनी धाग्याचा तुकडा परत खिशात घातला. "दिसायला कसे आहेत ते?"

"दिसायला..." दुकानदार विचारात पडला. बराच वेळ. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू अवघडलं. "आता काय सांगू. स्वेटर मात्र काय बसलाय हो अंगावर! कुठं सुरकुती नाही. मी म्हटलंसुद्धा, ताई, माप घेऊन विणलेलं दिसतंय." मग तो उगाच लड्या रचू लागला. "चेहरा... बघितलाय की. रोज किती माणसं येतात. घ्यायचं आहे का काही?"

"हे? हे कोण घेईल?" साहेब म्हणाले. जुना सूर लागला, पण त्यातला जोर गेला होता.

घरी आले तर मुलगी आली होती. आईशी हसत बसली होती. वडिलांना बघून ती उठली, आणि चक्क जवळ आली. एरवी ती दारापासूनच बोलायची. "बाबा, मी आईला तेच सांगत होते. तुम्ही स्वेटर घालायला लागलात! मागच्या वेळी रस्त्यावरून दिसलात, बाल्कनीत पाठमोरे. मी हाक मारली तर वळला नाहीत, पण हात केलात." तिचे डोळे भरले होते. "इतक्या वर्षांनी हो. आईला किती बरं वाटलं असेल."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती धाग्याचा गुंडा करत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"तो मी नव्हतो," असं साहेबांना म्हणायचं होतं. पण मुलीनं त्यांचा हात धरला होता. पोरीनं असा हात धरून किती वर्षं झाली होती. त्यांनी तो धरू दिला. ज्याच्यासाठी तो धरला होता तो आपण नाही, हे ठाऊक असताना धरू दिला. फुकटचं घेण्याइतके खालच्या दर्जाचे आपण कधी झालो, हे त्यांना कळेना.

६

मुलगी गेली. तिसऱ्या प्रहराची वेळ होती, खोलीत उजेड भरपूर होता. साहेब बराच वेळ आपल्या खुर्चीकडे बघत उभे राहिले. बसले नाहीत. बसलं आणि ती ऊबदार लागली तर काय, असं मनात आलं.

या घरात आपली म्हणून काय जागा उरलीय, हे त्यांनी पहिल्यांदाच तपासलं. बायको त्यांच्यासाठी पोळ्या करायची, कपडे वाळत घालायची. पण सुया थांबल्यावर तिचा जो आवाज लागायचा, तो त्यांच्यासाठी नव्हता. तो परत मिळवायचा तर एकच वाट त्यांना दिसत होती. त्यांनी ती कितीदा हसण्यावारी नेली होती.

"ए," ते म्हणाले. मग घसा साफ केला. "अगं, ऐक ना. ती पाठ झाली का विणून?"

"झाली की."

"मग लावून बघ." ते मधोमध जाऊन उभे राहिले. आतल्या खोलीच्या दाराकडे तोंड, मागे कपाट. "मी उभा राहतो."

बायकोनं चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर साहेबांना बरं वाटलं असतं. टेबलावर आलेल्या मालाकडे ते स्वतः बघायचे तशी ती नजर होती.

"आता?" ती म्हणाली.

"मग कधी? मेल्यावर?" त्यांनी हसून बघितलं. "खुंटी तयार आहे म्हण."

"थांबा," ती म्हणाली. "आतून घेऊन येते." ती त्यांच्या शेजारून आतल्या खोलीत गेली.

साहेब सरळ उभे राहिले. खांदे मागे, मान ताठ. छाती धडधडत होती, नवऱ्या मुलासारखी. आपल्याला हसू येतंय की रडू, त्यांना समजेना. सुया नव्हत्या, तरी कान टिकटिकीची वाट बघत होते.

खांद्यांवर कापड टेकलं.

मऊ, जड. आधी उजव्या खांद्यावर, मग डाव्या. मग तळहात आला मानेखाली, आणि सावकाश पाठीवरून खाली सरकला. अगदी तसाच, पडद्यामागच्या त्या खोलीतल्यासारखा. साहेबांचे डोळे मिटले. "अगं," ते पुटपुटले, "तेव्हा मला बरं वाटलं होतं. सांगायचं राहून गेलं."

तळहात थांबला. मग साहेबांना जाणवलं की तो फार मोठा आहे, आणि वरून आलेला आहे.

त्यांनी डोळे उघडले. आतल्या खोलीच्या दारात बायको उभी होती. विणलेली पाठ तिच्या हातात होती.

साहेब हलले नाहीत. हलता आलं नाही. डोळ्यांच्या कडेला, आपल्या उजव्या खांद्यावर, त्यांना एका बाहीचा काठ दिसला. राखाडी निळा. त्यात एक सुटलेला टाका होता, आणि त्याभोवती धुऊनही न गेलेला पुसट पांढरा गोल. तो गोल त्यांनी स्वतः काढला होता, पाहुणे हसत असताना. काठातून पुढे काय होतं तिकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहायचं नाही एवढीच अक्कल त्या वेळी त्यांच्यात उरली होती.

बायको त्यांच्याकडे बघत नव्हती. त्यांच्या डोक्यावरून, वीतभर वर बघत होती. आणि वाट बघत होती, गिरणीतल्या बाया टेबलाच्या कडेला उभ्या राहून बघायच्या तशी.

खांद्यांवरचं कापड उचललं गेलं.

मग पाठीवर, सदऱ्यावरून, काहीतरी टणक टेकलं आणि कोरडं घासत गेलं. डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत, तिरकं. क्षणभर थांबलं. मग उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत. घाई नव्हती. सरावाचा हात होता. त्या घासण्याचा आवाज साहेबांनी जन्मभर वरून ऐकला होता, खालून कधी ऐकला नव्हता. खडूची पूड उडाली आणि उन्हाच्या पट्ट्यात त्यांच्या नाकापुढून सावकाश खाली बसली.

"अगं," साहेब म्हणाले. "अगं, माझं ऐक तरी."

बायकोनं हातातली पाठ दुमडली आणि धाग्याच्या पिशवीत ठेवली. पिशवी उचलली, आणि बाजूला धरली. ती तिच्या हातातून सुटली, पण खाली पडली नाही. तिनं चपला पायांत सरकवल्या, बाहेरचं दार उघडलं, आणि एका माणसाला लागतं त्याहून जरा जास्त वेळ धरून ठेवलं.

मग ती काही न बोलता निघून गेली.